सहावी वाटी

"सोडायचं ते आधी मोजून घे, सूनबाई. नाहीतर यंदाही गवारच सोडशील."

हे सासूबाईंचं शेवटचं सांगणं नव्हे. शेवटचं सांगणं लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा बदलण्याबद्दल होतं, आणि तो मी त्याच दिवशी बदलला. पण माघातल्या एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत बसले होते, तेव्हा डोळे न उघडता त्या हे बोलल्या आणि मला ते लागलं. लागण्याचं कारण असं की ते खरं होतं.

आमच्या लोणावळ्याच्या आळीत आषाढी एकादशीला बायका रामाच्या देवळात जमतात आणि चातुर्मासात आपण काय सोडणार ते एकेक जण पुराणिकबुवांना सांगते. नऊ वर्षांत मी गवार सोडली, पडवळ सोडलं, दोडका सोडला, सीताफळ सोडलं आणि एका वर्षी काहीच सुचेना म्हणून तपकीर सोडली. तपकीर मी जन्मात ओढलेली नाही. गवार तर मला लहानपणापासून घशाखाली उतरत नाही. चार महिने न आवडणारी भाजी न खाण्याचं पुण्य किती मिळतं याचा हिशेब देवाकडे असेल, पण सासूबाईंकडेही होता. मी त्यांना शब्द दिला की यंदा जे खरोखर माझ्या अंगाला चिकटलेलं आहे तेच सोडीन. फाल्गुनात त्या गेल्या. शब्द राहिला, आणि आषाढीपर्यंत तो पुरा करायचा होता.

माझ्या अंगाला काय चिकटलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं. आळीत माझी ख्याती शांत बाई म्हणून. आवाज मी कधी चढवत नाही. पहाटे उठते, तुळशीला प्रदक्षिणा, जप, सोमवारचा उपास, गुरुवारची पोथी, शनिवारी मौन. अशा बाईत सोडण्यासारखं शोधायचं म्हणजे चुलीत पाणी शोधण्यासारखं, असं मला मनातून वाटत होतं. हे वाटणंही मोजायला हवं होतं, पण ते नंतर सुचलं.

अक्षय्य तृतीयेला मी मोजायला सुरुवात केली. आधी जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानांवर लिहू लागले. तिसऱ्या दिवशी ह्यांनी एकादशी कधी आहे ते बघायला पंचांग उघडलं. पानावर होतं, "आज तीनदा राग आला. तिन्ही वेळा कारण एकच." हे रेल्वेच्या पार्सल हपिसात कारकून, कागदावरचं प्रत्येक अक्षर वाचायची सवय.  जेवताना ताक वाढून घेताना विचारलं, "ते कारण मी, का शेजारच्या नंदाबाई?"

मी म्हटलं, कारण शेगडी होती. शेगडी नव्हती. म्हणजे हे खोटं झालं, आणि तेही लिहायला हवं होतं. पण लिहावं तर पंचांगात, आणि पंचांग ह्यांच्या हातात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याबद्दलची खरी माहिती अक्षरांत ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून दाणे. लाखाचा नेम करणाऱ्या बायका जप दाण्यांनीच मोजतात, त्यामुळे हाताला सवय होती. माहेरच्या सहा पितळी वाट्या मागच्या पडवीत, तुळशीजवळच्या फळीवर मांडल्या. राग आला की मूग. खोटं बोललं की तीळ. पाठीमागे कुणाबद्दल बोललं की मसूर. चहा घेतला की गहू. जपात मन भटकलं की तांदूळ. सहाव्या वाटीत काय टाकायचं ते सुचेना, म्हणून ती रिकामी ठेवली. दाणे कुणी पाहिले तरी दाणेच दिसणार.

पहिली अडचण धर्माची आली. मी रागावते ती तोंडानं नाही, पोटात. पोटातला राग मोजायचा का? पुराणिकबुवांना विचारलं. त्यांनी पानाला चुना लावता लावता थोडा विचार केला आणि म्हणाले, "देवाला आतलंच आधी ऐकू येतं." विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पहिल्या आठवड्यात एकोणीस मूग झाले.

दुसरी अडचण तांदळाची. तांदळाची वाटी तिसऱ्या दिवशी निम्मी भरली. लढाईचं पाचवं वर्ष, रेशन नुकतंच सुरू झालेलं, तांदूळ मोजून मिळायचा. ह्यांनी फळीकडे पाहून गंभीरपणे म्हटलं, "तुझं मन असंच भटकत राहिलं तर आषाढापर्यंत आपल्याला भात दिसायचा नाही."  एक मूग टाकला.

पण मोजण्याचा गुणही आला, तो सांगायला हवा. तीनेक आठवड्यांनी मला दिसलं की मूग बहुतेक दुपारी चार ते पाचच्या दरम्यान पडतात. त्याच वेळेला नंदाबाई येतात. साहजिकच मी नंदाबाईंना धरलं. पण त्या चार दिवस बहिणीकडे कामशेतला गेल्या तरी मूग पडतच होते. राग तेव्हा मांजरावर येत होता. मग गव्हांची वाटी पाहिली. चहा मी, हे हपिसातून आल्यावर, पाच वाजता घ्यायची. एक दिवस साडेतीनलाच आपल्यापुरता कपभर करून घेतला. त्या दिवशी मूग नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरवड्यात मूग निम्म्यावर आले. नंदाबाई पूर्वीइतकंच बोलत होत्या, पण मला ते ऐकून घेता येऊ लागलं. वीस वर्षं ज्याला मी प्रारब्ध समजत होते तो अर्धा कप चहा होता.

आता मोठाच पेच. चिकटलेलं म्हणावं तर चहा. सोडावा तर चहाच. पण चहा सोडला की मूग वाढणार. एक सोडण्यासाठी दुसरं चौपट धरणं याला चातुर्मासाचा नेम म्हणता येईल का, हे पुराणिकबुवांना विचारायचा मला धीर झाला नाही.

नंदाबाईंना वाट्यांचा पत्ता लागायचा तो लागलाच. त्यांनी उभ्या उभ्या चार सूचना केल्या: रागाला मूग थंड पडतो, तिथे लाल मिरचीचं बी हवं, दाण्यांत कडुलिंबाचा पाला टाका, वाट्या पूर्वेकडे तोंड करून ठेवा (वाटीला तोंड एकच, आणि ते वर असतं, हे मी बोलले नाही), आणि खोट्याची वाटी झाकून ठेवा, बरं दिसत नाही. खोट्याच्या वाटीबद्दल त्यांचं खरं ठरलं. एका सकाळी चिमणीनं माझ्यादेखत दोन खोटी खाल्ली. दोन की तीन याची खात्री नव्हती, म्हणून मी तीन परत टाकली. या बाबतीत कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

आठवड्याभरात आळीत पाच घरी वाट्या लागल्या. तिथून शांतता गेली. ज्यांचे दाणे कमी त्या मिरवू लागल्या, ज्यांचे जास्त त्यांनी मोठ्या वाट्या आणल्या, म्हणजे कमी दिसावेत. नंदाबाईंनी राग मटकीनं मोजला. त्यांच्या जावेनं पाहुणे आले म्हणून ती मटकी भिजत घातली, आणि त्यांचा बारा दिवसांचा राग उसळीतून पाहुण्यांच्या पोटात गेला. त्या दिवसापासून नंदाबाई म्हणू लागल्या की त्यांना राग येतच नाही. पुरावा कुणाकडे नव्हता.

एवढ्यात पुतळाबाईबद्दल सांगायला हवं. पुतळाबाई लोहगडवाडीच्या अंगाची, डोंगरातली. सोमवार-गुरुवार पहाटे उतरून मळवलीला यायची, गाडीनं लोणावळ्याला, आणि मला पूजेचा बेल आणि पत्रावळी देऊन परत. तिच्या आधी तिची सासू सावित्राबाई येत असे. म्हातारी बेल ठेवून पडवीच्या पायरीवर बसायची आणि माझी पूजा होऊन कहाणी वाचून होईपर्यंत हलायची नाही. गेल्या श्रावणात कहाणी अर्ध्यावर असताना तिची गाडीची वेळ झाली. धाकट्या सुनेला घरच्यांनी रानात नेऊन सोडलं, इथपर्यंत आली होती. "ऱ्हाऊ द्या, म्होरलं पुडच्या सोमवारी आयकते," म्हणून ती उठली, आणि त्याच संध्याकाळी भाज्याच्या वरच्या चढावर पाय घसरून पडली. कंबर गेली. तेव्हापासून ती खोपटातून बाहेर नाही. पण दर खेपेला पुतळाबाईकडून विचारणं यायचं, त्या सुनेचं काय झालं. मी पुतळाबाईला पुढचं तोंडी सांगून पाहिलं. म्हातारीनं ते मानलं नाही. पोथीतलं पोथीवालीनंच सांगावं, म्हणाली. तेव्हा मी निरोप दिला की पुढच्या सोमवारी नक्की येईन, शेवटपर्यंत वाचून दाखवीन. मळवली काही लांब नाही, एकच स्टेशन. पुढची चाल तेवढी चढाची.

वाट्या मांडल्याच्या पहिल्याच आठवड्यात पुतळाबाईनं विचारलं होतं, हे काय मांडलंय. मी तिला सांगितलं, दिवसभरात जे करतो ते मोजलं की आपलं आपल्याला कळतं. ती बराच वेळ वाट्यांकडे बघत होती.

वैशाख संपता संपता मला सहाव्या वाटीत चिंचोके दिसले. मी टाकलेले नव्हते. आधी वाटलं चिमणी. पण चिमणी घेऊन जाते, आणून ठेवत नाही. मग ह्यांच्यावर संशय आला. हे माझं काहीतरी मोजतायत. आडून विचारलं तर म्हणाले, "मला मोजायचं असतं तर चिंचोके पुरले नसते." मग नंदाबाई. त्यांना शपथ घालायच्या आतच त्यांनी घेतली. चिंचोके मात्र हळूहळू वाढत होते, आठवड्याला एक, दोन. कुणीतरी माझं काहीतरी मोजत होतं आणि मला ते माहीत नव्हतं. ज्या बाईनं आपलं सगळं मोजायला काढलं तिला हे किती जिव्हारी लागेल याचा विचार करा. त्या दिवसांत मुगांनी पुन्हा उचल खाल्ली.

आषाढ लागला आणि एकादशीला चार दिवस राहिले असता, नंदाबाई रेशनच्या रांगेत उभ्या होत्या. मनात काही नसताना त्या शेजारणीला म्हणाल्या की आमच्या शेजारी पाच जातींचं धान्य वाट्यांतून निराळं काढून ठेवलेलं असतं, दाणा न् दाणा मोजून. रांगेत ऐकणारे बरेच असतात. दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी, छत्री आणि फायल घेऊन रेशनचे एक कारकून दारात उभे राहिले. हे हपिसात गेलेले. पुतळाबाई नुकतीच येऊन पडवीच्या पायरीवर बेल निवडत बसली होती.

कारकून सभ्य होते. पायताण काढून आत आले, मागच्या पडवीत वाट्या पाहिल्या आणि फायल उघडली. त्यांच्या छापील कागदावर तीन रकाने होते: धान्य, वजन, कशासाठी. वजनाचा ताजवा त्यांनी पिशवीतून काढला, मूग एका पारड्यात ओतले, काटा काही हलेना. मग ते मोजू लागले.

"चौऱ्याऐंशी," मी मदत केली.

"चौऱ्याऐंशी काय?"

"दाणे."

त्यांनी मान वर केली. हे कशासाठी निराळं ठेवलंय, विचारलं. मी म्हटलं, देवासाठी. आणि तेवढ्यात माझा हात आपोआप तिळाच्या डबीकडे गेला आणि एक तीळ वाटीत पडला. दोन महिन्यांची सवय. त्यांनी तो पाहिला.

"हे आत्ता काय टाकलंत?"

"तीळ."

"कशाबद्दल?"

आता सुटका नव्हती. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "आत्ता खोटं बोलले, त्याबद्दल."

मग सगळं सांगावं लागलं. मुगांपुढे तिसऱ्या रकान्यात त्यांनी 'राग' लिहिलं आणि कोणाचा, विचारलं. माझाच, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघून "वाटत नाही," म्हटलं. त्या दिवसातला तेवढाच माझ्या मनाला दिलासा. तिळांपुढे 'असत्य', मसुरांपुढे 'इतरांविषयी बोलणे', गव्हांपुढे 'चहा' असं ते सुवाच्य अक्षरांत लिहीत गेले. तांदळाच्या वाटीपाशी थांबले, एकदा वाटीकडे, एकदा माझ्या जपमाळेकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेले. पुढे सहावी वाटी होती.

"हे चिंचोके?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. हे खरं होतं, म्हणून हात जागेवर राहिला.

"घर तुमचं, वाटी तुमची, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"ते माजं हाय, सायेब," पायरीवरून पुतळाबाई म्हणाली.

ती हातातला बेल खाली ठेवून उभी राहिली. आपलं काही चुकलंय असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बाईंनीच सांगितलं, करतो ते मोजलं का कळतं म्हून. मला वाटलं, बाईंचं एक ऱ्हाऊन जातंय. बाई म्हनत्यात, सासूला सांग, पुडच्या सोमवारी नक्की येते. त्या म्हनल्या का म्या एक टाकती. वाटी रिकामीच व्हती." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "टाकाय नगं व्हतं का?"

कारकुनांनी चिंचोके मोजले. "सतरा. म्हणजे तू सतरा वेळा आलीस."

"अठरा येळा. एकदा गुरवार चुकला म्हून शनवारी आल्ते, तवा बाईंचं मौन व्हतं."

 तेवढ्यात तिला काय वाटलं कोण जाणे, माझी बाजू घेऊन ती कारकुनांना समजावू लागली. बाईंचा त्यात दोष न्हाई सायेब, बाईंना नेम लय. सोमवारी उपास, चालवत न्हाई. गुरवारी पोथी, मदीच सोडता येत न्हाई. शनवारी मौन. मदल्या दिवशी सवळ्याचं काम. एकदा रेल्वेचा पास काढाय टाकलाय म्हनल्या. एकदा पाऊस यील म्हनल्या, एकदा ऊन हाय म्हनल्या. सगळं तिला पाठ होतं, क्रमानं. माझ्या भक्तीचं एवढं बारीक वर्णन पुराणिकबुवांनीही केलं नसतं. एकेक नेम ती माझ्या बाजूनं मांडत होती आणि मला एकेक निराळा दिसत होता.

कारकून खाली बघून विचारते झाले, "आणि म्हातारी काय म्हणते?"

"इचारती, बाई निगाल्या का. म्या म्हनते, निगाल्यात. मंग ती गप बसती. म्हनती, तवर ती सून तितं रानात एकलीच हाय." पुतळाबाईनं तिळाच्या वाटीकडे पाहिलं. "माजे बी लय व्हतील, टाकाय बसले तर."

कारकुनांनी शेवटच्या ओळीत 'चिंचोके' लिहिलं, 'सतरा' लिहिलं, आणि तिसरा रकाना बराच वेळ कोरा ठेवून शेवटी तिथे एक आडवी रेघ ओढली. खाली छापलेलं होतं, 'वरील मजकूर खरा आहे.' तिथे माझी सही हवी होती. मी आयुष्यात फार सह्या केलेल्या नाहीत. टाक हातात घेऊन बसले, आणि मग केली. साठा काही नाही, असा शेरा मारून ते गेले. जाताना त्यांनी पुतळाबाईला परतीची गाडी किती वाजता आहे तेवढं विचारलं, आणि मला नमस्कार केला.

पुतळाबाई बेल देऊन निघाली. दाराशी ती नेहमीप्रमाणे थांबली. मी काही निरोप देईन म्हणून. माझ्या तोंडात तेच वाक्य आलं, ओठांपर्यंत. मी ते गिळलं आणि तिला गूळ-शेंगदाणे बांधून दिले. ती जरा वेळ उभी राहिली. तिचा हात चिंचोक्यासाठी कनवटीकडे गेला होता, तो तिनं काढून घेतला.

एकादशीच्या आदल्या रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, काय ठरलं, काय सोडणार. मी म्हटलं, उद्या देवळात जाणार नाही. ह्यांनी ताक वाढून घेतलं. मग म्हणाले की सकाळची पुण्याकडची गाडी वेळेवर सुटते, आणि दाराच्या मागे त्यांची मोठी छत्री आहे ती न्यावी, माझ्या छत्रीची काडी मोडलेली आहे. हे एवढंच. कागदावरचं वाचतात असं मी म्हणत असे. दाणेही वाचत असावेत.

सकाळी नंदाबाई नवं लुगडं नेसून बोलवायला आल्या. त्या यंदा कारलं सोडणार होत्या. "येताय ना?" म्हणाल्या. मी "नाही" म्हटलं. वीस वर्षांत माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. बरं वाटत नाही का, म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग दुपारी त्यांच्याकडे भजन आहे त्याला तरी, असं विचारलं. मी त्यालाही नाही म्हटलं. एकही तीळ टाकावा लागला नाही.

पोथी मेणकापडात गुंडाळली. राजगिऱ्याचे चार लाडू बांधले. सहाव्या वाटीतले सतरा चिंचोके पदराच्या गाठीत बांधले. ते जिचे होते तिला परत द्यायचे होते. तिकिटाच्या खिडकीशी "एक मळवली" म्हणताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला असावा, कारण बाबूनं दचकून वर पाहिलं.

मळवलीला मी एकटीच उतरले. भुरभुर पाऊस होता. भातखाचरांतून नांगर चालू होते आणि डोंगराचा माथा दिसत नव्हता. पुतळाबाई आणायला आलेली नव्हती, कारण मी तिला कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर अठरावा पडला असता. बांधावर एक म्हातारा इरलं पांघरून बसला होता, त्याला मी लोहगडवाडीची वाट विचारली. त्यानं माझ्या लुगड्याकडे, छत्रीकडे, काखेतल्या पोथीकडे पाहिलं.

"लय चढ हाय, मावशी. पावसाचं कुटं जाता?"

मी म्हटलं, एका सुनेला रानातून घरी आणायचंय. त्याला ते पटल्यासारखं दिसलं. त्यानं हातानं भाज्याकडची वाट दाखवली. मी लुगड्याचा काठ वर खोवला, पोथी पदराखाली घेतली आणि चालायला लागले.